दोरीचं रिंगण

माझी मुलगी खाडीच्या गाळात मांड्यांपर्यंत रुतली होती, भरती सुरू झाली होती आणि मी बांधावर उभी होते. मी गेले नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण नातेवाइकांत, सोसायटीत, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये ज्यांनी ज्यांनी ही गोष्ट ऐकली, त्यांनी पहिल्यांदा हेच विचारलं, "आणि तू? तू काय करत होतीस?" मी उभी होते. संपला विषय. पण तो संपत नाही, म्हणून लिहायला बसले.

आमचं मुलींचं स्काउट-गाइडसारखं पथक कामोठ्याचं. दर रविवारी सकाळी एका शाळेच्या मैदानावर भरतं. गळ्यात स्कार्फ, हातात लाठी, मुली आपापल्या संघात उभ्या. गाठी मारणं, तंबू ठोकणं, प्रथमोपचार, चूल पेटवणं, असलं सगळं आम्ही शिकवतो आणि त्याचे कुणालाही पैसे मिळत नाहीत. मी तिथली मुख्य ताई. आठवडाभर वाशीला विम्याच्या ऑफिसात लोकांचे क्लेम बघायचे आणि रविवारी शिट्टी गळ्यात अडकवून पळायचं. माझी मुलगीही याच पथकात. तिच्यासाठी मी पहिल्या दिवशीच नियम केला होता की मैदानात मी तिची आई नाही, ताई. बाकीच्या मुलींनी 'हिची आईच ताई आहे' म्हणून नाक मुरडायला नको. तिनेही तो नियम इतका पाळला की रविवारी घरी आल्यावर सुद्धा कधीकधी म्हणायची, "ताई, जेवायला वाढ."

मी ताई म्हणजे कशी, तर सगळं मीच करणारी. लेस सुटली, ताई. पोट दुखतंय, ताई. हिने मला ढकललं, ताई. तंबूचा खुंट वाकडा गेला की मी हातोडी हिसकावून घ्यायची, "सरका गं बाजूला, तुमच्याने व्हायचं नाही." शिबिरात भात करपायला लागला की पहिली मी धावणार. मुलींना मी आवडायचे आणि मला ते आवडायचं. मला वाटायचं, पथक सांभाळणं म्हणतात ते हेच.

त्यामुळे आमच्या पथकाचे प्रमुख, निवृत्त मुख्याध्यापक, एक दिवस मला म्हणाले, "यंदा तुम्ही प्रगत प्रशिक्षणाला जा," तेव्हा मी चक्क हसले.

"सर, मी काय नवीन आहे का? एवढी वर्षं करतेय."

"नवीन नाही म्हणूनच म्हणतोय," सर म्हणाले. "नाव दिलंय तुमचं."

डोकंच फिरलं माझं. आठवडाभराचं निवासी प्रशिक्षण. दिवाळीसाठी राखून ठेवलेली रजा त्यात जाणार, आणि तिथे जाऊन शिकायचं काय, तर मुलींना कसं सांभाळायचं! पण सरांना नाही म्हणणं मला कधी जमलेलं नाही. गेले.

तिथे आम्ही सगळे चाळिशी-पन्नाशीतले लोक. कुणी शिक्षक, कुणी बँकेतले, एक तर डॉक्टर. सगळ्यांना मुलांसारखे संघ पाडून दिले. तंबूत झोपायचं, आपलं आपण रांधायचं, सकाळी भांड्यांची तपासणी. पातेल्याच्या बुडाला काजळी दिसली की परत घासायला. मी घरी कामाला बाई ठेवलेली बाई, तिथे राखेने पातेली घासत बसले होते आणि मनातल्या मनात सरांना शिव्या घालत होते.

आम्हाला शिकवायला ज्या बाई होत्या, त्या सत्तरीच्या पुढच्या, काटकुळ्या, आवाज इतका बारीक की ऐकायला पुढे वाकावं लागायचं. त्यांनी एके दिवशी दुपारी आम्हाला नाल्याकाठी नेलं. खाली नाल्यात एकाला निजवलं, तो जखमी मुलगा. बाकीचे पथकातली मुलं. आणि मला म्हणाल्या, "तुम्ही ताई. चला, सुरू करा."

मी काय केलं असेल? धावले. उतारावरून घसरत खाली गेले आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं. मला वाटलं, किती पटकन पोचले.

वरून शिट्टी वाजली. बाई काठावर उभ्या होत्या.

"बाकीची मुलं कुणाजवळ आहेत?"

मी वर पाहिलं. 'मुलं' म्हणून उभे केलेले लोक माझ्यामागून उतारावर आले होते. त्यातला एक, बाईंनी आधीच कानात सांगितल्याप्रमाणे, "आई गं" करून पडला होता.

"आता तुमचे दोन जखमी," बाई म्हणाल्या. "परत."

परत केलं. परत धावले. तिसऱ्यांदा सांगून सुद्धा पाय गेलेच. मग बाईंनी एक दोरी घेतली आणि मला काठावर उभं करून माझ्या पायांभोवती रिंगण घातलं, लहान मुलाला खेळात घालतात तसं. म्हणाल्या, "याच्या बाहेर पाय टाकायचा नाही. तुमचा आवाज जाऊ दे कुठे जायचा तिथे. ज्याचे हात कामात असतात त्याला आजूबाजूचं दिसत नाही. तुम्हाला सगळं दिसायला हवं. कामं वाटा. खाली कोण जाईल ते ठरवा. तुम्ही नाही."

"बाई, मी काय शिक्षा झालेली पोर आहे का?" मी सरळ विचारलं. सगळ्यांसमोर. रागाने कान तापले होते माझे. "खाली मूल विव्हळतंय आणि मी वर उभी राहून हुकूम सोडू? याला माणुसकी म्हणतात?"

त्या अजिबात चिडल्या नाहीत. "खाली जायला दुसरं कुणीच नसेल तेव्हा जा," म्हणाल्या. "असेल तर उभ्या राहा. हे अवघड आहे, मला माहीत आहे. म्हणून तर शिकवायला लागतं."

आणि त्या दुपारी त्यांनी मला त्या रिंगणात उभं करून पुन्हापुन्हा तेच करायला लावलं. माझे हात शिवशिवायचे. रिंगणात उभं राहून ओरडताना मला स्वतःची लाज वाटायची. घरी आल्यावर सगळ्यांना नक्कल करून दाखवली. मुलगी खोखो हसली. गॅलरीत कपडे वाळत घालायची दोरी होती, ती काढून तिने माझ्या पायांभोवती टाकली आणि म्हणाली, "आता स्वयंपाक कर बघू." मी म्हटलं, "आठवडा फुकट गेला बघ माझा." मला तेव्हा खरंच तसं वाटत होतं.

त्यानंतरच्या हिवाळ्यातला एक रविवार. आम्ही मुलींना घेऊन दिवाळे गावी गेलो होतो, खाडीकाठचं प्लास्टिक गोळा करायला. बरोबर मोठी माणसं तीन. एक मी. दुसरे नव्यानेच आलेले एक दादा, एका लहान मुलीचे बाबा, आयटीवाले, उत्साही माणूस. आणि तिसरी आमची आपा. ही तळोज्याची कॉलेजातली मुलगी, लहानपणी आमच्याच पथकात होती. तिची धाकटी बहीण तिला आपा म्हणायची म्हणून मग सगळंच पथक तिला आपा म्हणायला लागलं. अंगाने काडी, पण डोकं शांत.

बांधावरून चालत मुली पिशव्या भरत होत्या. लाठ्या, दोऱ्या आणि बसायची ताडपत्री नेहमीप्रमाणे बरोबर होतीच. ओहोटी होती, गाळ उघडा पडला होता. पलीकडे मासे वाळत घातले होते आणि एक म्हातारी कोळीण कावळे हाकत बसली होती. बांधावरून खाली उतरायचं नाही, हे बसमध्येच बजावलं होतं. पण गाळात थोड्या अंतरावर थर्माकोलचा मोठा खोका पडला होता, मासे ठेवतात तसला. गाळ वरून वाळून त्याला भेगा पडल्या होत्या, अगदी मैदानासारखा दिसत होता. माझी मुलगी आपल्या संघाची नायिका. तिला वाटलं, आपल्या संघाचा ढीग सगळ्यात मोठा व्हावा. ती उतरली.

चारसहा पावलं नीट गेली. मग एक पाय गुडघ्यापर्यंत आत. तो उपसायला तिने दुसऱ्या पायावर जोर दिला, तर तोही गेला. जोर लावत गेली तशी खाली गेली. बांधापासून एखाद्या बसच्या लांबीवर असेल.

"ताई!" ती ओरडली.

मी वळून पाहिलं तेव्हा ती मांड्यांपर्यंत होती. आधी मला समजलंच नाही, की ती एवढी बुटकी का दिसतेय. मग समजलं.

पलीकडून ती कोळीण उठून ओरडली, "भरती हाय, बाय! पानी चढतंय! पोरीला बेगीन काढा!"

खरंच, गाळातल्या बारक्या चरांमधून पाणी आत यायला लागलं होतं.

माझा उजवा पाय उचलला गेला. उतारावर गेलाही असेल. मी खोटं बोलणार नाही, मला त्या क्षणी बाई आठवल्या वगैरे काही नाही. मला आठवली ती दोरी. पायांभोवतीची. ती दोरी मला अक्षरशः घोट्याला लागली असं वाटलं आणि मी थांबले. मागे सरून होड्या बांधायच्या दगडी ओट्यावर चढले.

आणि चढल्यावर दिसलं. दादांनी बूट काढून फेकले होते, ते उडी मारायच्या बेतात होते. मुलीची मैत्रीण बांधावरून खाली उतरत होती, तिला हात द्यायला. आणि त्यांच्यामागे सगळ्यात लहान मुलींचा संघ, काय झालं ते बघायला, उताराच्या कडेवर गोळा झाला होता. मी खाली गेले असते तर यातलं एकही मला दिसलं नसतं.

मी शिट्टी मारली. लांब, एकच. आमच्याकडे त्याचा अर्थ जिथे आहात तिथे थांबा. मुली थांबल्या. वर्षानुवर्षं दर रविवारी वाजवलेली शिट्टी, त्यांच्या अंगातच भिनली होती. पण दादा थांबेनात.

"दादा, मागे या!"

"अहो, बुडतेय ती!"

"तुम्ही उतरलात तर तुम्हीही रुताल. मग मी दोघांना कशी काढू? मागे या म्हणते ना!"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की अजून विसरले नाही. "तुमची मुलगी आहे ती, ताई! आई आहात की कोण तुम्ही?"

हे शब्द मला लागले. अजून लागतात. पण मी त्यांना म्हटलं, "फायर ब्रिगेडला फोन लावा. जागा नीट सांगा. मग दोरी घ्या, एक टोक या खुंट्याला बांधा आणि दोरी हातात धरून इथे उभे राहा." चांगला माणूस, चडफडत का होईना, त्यांनी केलं.

लहान मुलींना मी बांधाच्या पलीकडच्या बाजूला खाली बसवलं आणि त्यांच्या नायिकेला सांगितलं, कुणालाही उठू द्यायचं नाही. मोठ्या मुलींना म्हटलं, "लाठ्या आणा. दोन चौकटी बांधा. शिडीसारख्या, आडव्या लाठ्या जवळजवळ. पटापट."

त्यांच्या बोटांकडे मी बघत होते. दोऱ्या घसरत होत्या, एकीची गाठ चुकली. पूर्वीची मी असते तर तिथे झडप घालून, "सरका गं" म्हणून स्वतः बांधायला बसले असते. मी ओट्यावरून म्हटलं, "उलटी गेली. परत घाल. घाई नको." माझा आवाज कुठून इतका शांत येत होता कुणास ठाऊक.

आणि तिकडे मुलगी हाका मारत होती. आधी "ताई, ताई." मग पाणी तिच्यापाशी पोचलं आणि तिने नियम मोडला.

"आई! आई, ये ना!"

देवाशपथ सांगते, आयुष्यात मला इतकं अवघड काही गेलेलं नाही. बाळंतपण नाही, वडील गेले तेव्हा नाही. माझी पोर मला हाक मारत होती, अंतर एका बसएवढं, आणि मी तिला म्हटलं, "मी इथेच आहे. हलू नकोस. पाय उपसू नकोस. आपा येतेय."

आपा माझ्यापाशी आली होती. "ताई, मी जाते," एवढंच म्हणाली. मी तिच्याकडे पाहिलं. ती आमच्यात सगळ्यात हलकी होती. आणि ती माझ्या मुलीची आई नव्हती. मी गेले असते तर मुलीचा चेहरा बघून माझे हात नीट चालले नसते, हे मला तेव्हा लख्ख कळलं. पण दुसऱ्याच्या पोरीला मी त्या गाळात पाठवत होते, हेही कळत होतं. तिच्या अम्मीचा चेहरा डोळ्यासमोर आला. तिने कमरेला बांधलेली दोरी मी स्वतः ओढून पाहिली. तेवढं एकच काम मी हाताने केलं.

बसायची ताडपत्री गाळावर पसरली. तिच्या टोकाशी पहिली चौकट, तिच्यापुढे दुसरी. आपा पोटावर झोपून सरकत गेली. मागची चौकट ओढून पुढे टाकायची, तिच्यावर सरकायचं, परत मागची पुढे. दादा दोरी सोडत होते. मी ओट्यावरून सांगत होते, "डावीकडे. तिथे चर आहे. थांब. आता सरक." मला वरून चर दिसत होते, तिला दिसत नव्हते. पाणी मुलीच्या कमरेशी आलं होतं. म्हातारी कोळीण बांधावर येऊन उभी राहिली होती आणि तोंडाने देवाचं नाव घेत होती.

आपा पोचली. तिने एक लाठी आडवी मुलीपुढे धरली. "ही दोन्ही हातांनी धर. आता मागे रेल. खुर्चीत रेलतेस तशी. बिनधास्त रेल, मी आहे."

"आईला बोलव!"

"आई बघतेय. तू रेल."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्याकडे. मग ती रेलली. आपाने एक पाय हळूहळू हलवायला लावला, गाळात पाणी शिरेल असा. पाय सुटेना. पाणी पोटाशी आलं. एका बाजूला बसलेल्या लहान मुलींपैकी कुणीतरी रडायला लागलं. मी तिकडे न बघता म्हटलं, "नायिका, गाणं म्हणायला लाव त्यांना." आणि त्या खरंच म्हणायला लागल्या, रडत, बेसूर. मग एक पाय सुटला. मग बराच वेळ काही झालं नाही. मग दुसरा. आपाने तिला चौकटीवर ओढलं, दादांनी आणि मोठ्या मुलींनी दोरी खेचली, आणि दोघी चिखलाच्या दोन गोळ्यांसारख्या बांधाला लागल्या.

तेव्हा मी ओट्यावरून उतरले. उतरले म्हणजे पडलेच. मुलीला पोटाशी धरलं. तिने मला धरलं नाही. मग मी आपाला धरलं आणि तिने मात्र माझ्या खांद्यावर डोकं टेकून हुंदका दिला. फायर ब्रिगेडची गाडी आली तेव्हा आम्ही मुलींची हजेरी घेत होतो.

परतीच्या बसमध्ये मुलगी माझ्याशेजारी बसली नाही. आपाजवळ बसली. दादा माझ्यामागे बसले होते. ते एकदा पुढे वाकून म्हणाले, "ताई, मघाशी मी जे बोललो…" मी हातानेच राहू द्या म्हटलं. बोलायला गेले असते तर सगळ्या बसमध्ये भोकाड पसरलं असतं. खिडकीतून बाहेर बघत मला त्या बारीक आवाजाच्या बाईंच्या पाया पडावंसं वाटत होतं आणि त्याच वेळी त्यांचं तोंडही बघू नये असं वाटत होतं. ही विद्या त्यांनी मला दिली नसती तर मी धावले असते, आणि मग काय झालं असतं ते मला पुरतं दिसत होतं. पण निदान मी धावले असते.

घरी आल्यावर तिला बाथरूममध्ये स्टुलावर बसवलं आणि गरम पाणी घातलं. केसांतून गाळ निघता निघेना. तिसऱ्या बादलीनंतर तिने विचारलं.

"आई, तू का नाही आलीस?"

माझ्याकडे सगळं उत्तर तयार होतं. बाकीच्या मुली, दादा, वजन, चर, वरून काय दिसतं आणि खालून काय नाही. आठवडाभर राखेने पातेली घासून शिकलेलं उत्तर. पण मी नुसती तिच्या नखातला गाळ काढत राहिले आणि मला रडू फुटलं. तिच्यासमोर मी सहसा रडत नाही.

तिने कपाळावरचे ओले केस मागे सारले. मग म्हणाली, "आपाने सांगितलं, लाठी धर. मी धरली. तू आली असतीस ना, तर मी लाठी सोडून तुलाच धरलं असतं."

मी मान हलवली. तिला हे समजलं होतं. मी न सांगता समजलं होतं.

"मग आपण दोघी गेलो असतो," ती म्हणाली.

"हो."

तिने पाण्याचा तांब्या स्वतःच डोक्यावर ओतला, डोळे मिटून. मग मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली, "पण तरी तू यायला हवं होतंस."

"हो," मी म्हटलं, आणि तिचा दुसरा हात धुवायला घेतला.